ठोका चुकला की सांगायचं

लग्नसराईत वरणगावात वरात निघाली आणि बापू आसपास असला, की त्याला ओढून मध्ये आणतात. बॅण्डवाला अहिराणी गाण्याचा ठेका धरतो, पोरं गोल करतात, मोबाईल वर होतात. बापू दोन्ही हात वर करून कंबर हलवतो, एक गिरकी घेतो आणि कडक सलाम ठोकतो. शिट्ट्या पडतात. कोणीतरी दहाची नोट त्याच्यावरून ओवाळून बॅण्डवाल्याच्या हातात देतं. गेली कित्येक वर्षं बापू वरातीत एवढंच करतो आहे. त्याला याहून पुष्कळ जास्त येतं, पण तिथे याहून जास्त कोणी मागत नाही.

बापू हे घरातलं नाव. आमच्या खान्देशात पाळण्यातल्या पोरालाही आबा, नाना, बापू म्हणायची रीत आहे. त्याचं कागदावरचं नाव मी इथे देत नाही. तो आता विशीत आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे आणि त्याचे वडील फॅक्टरीत कामाला आहेत. वरणगावात फॅक्टरी एकच, ऑर्डनन्स फॅक्टरी. १९६४ पासून इथे बंदुकीची काडतुसं बनतात आणि अर्ध्या गावाचं घड्याळ तिच्या पाळ्यांवर चालतं. मी याच भागातल्या एका विशेष शाळेत शिक्षिका आहे. बापू माझ्याकडे आला तेव्हा शर्टाची बटणं लावण्यावर आमची निम्मी सकाळ जायची. लेझीम नंतर आली, मैदान त्याच्याही नंतर.

डाऊन सिंड्रोमची पुस्तकी माहिती पालकांना मी फार थोडी सांगते. शरीराच्या पेशींत २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्यातली एकविसावी तारीख, २१ मार्च, हा त्याचा जागतिक दिवस. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन केलं. त्यामागचं जादा गुणसूत्र सापडायला १९५९ साल उजाडलं. मैदानावर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला यातलं काही उपयोगी पडत नाही. त्याला वेगळ्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. या मुलांचे स्नायू सैल असतात आणि सांधे गरजेपेक्षा जास्त वाकतात. बोटं आखूड असतात. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो. कानात पाणी साचून ऐकू कमी येणं तर इतकं नेहमीचं, की ‘ऐकत नाही’ या तक्रारीवर मी आधी कान तपासायला पाठवते. आणि मान. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही जणांत ढिला असतो. म्हणून कोलांटी नाही, पाण्यात डोक्यावर सूर नाही, मानेला झटका बसेल असं काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

बापूच्या हृदयाला लहान छिद्र होतं, ते वाढत्या वयात आपोआप बुजलं. जळगावच्या डॉक्टरांनी इको पाहून मोकळीक दिली तरी त्याची आई बरेच दिवस मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली धरून उभी असायची. तो धापा टाकायला लागला की ती दोन पावलं आत यायची. मी तिला कधी अडवलं नाही. हळूहळू तिची तीच बसायला लागली, आणि नंतर बाटली ठेवून घरी जायला लागली.

ठेका त्याला घरातूनच मिळाला होता. श्रावणातल्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई देवी बसते. रोटांची गडबड असते, रात्रभर बायकांची गाणी चालतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. बापूची आजी गाणं सांगायची आणि हा तिच्या मांडीला टेकून टाळ्या धरायचा. त्या टाळ्या बरोबर पडतात हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजीला विचारलं, "याला कोणी शिकवलं?" आजी म्हणाली, "कानबाईनं." मी हे उत्तर माझ्या नोंदवहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. नोंदवही तपासणाऱ्या साहेबांना ते आवडलं नसावं.

टाळी धरता येणं वेगळं आणि चाळीस जणांच्या रांगेत लेझीम धरता येणं वेगळं. पहिली अडचण मुठीची. लाकडी दांडा त्याच्या आखूड बोटांतून फिरायचा आणि साखळीचा हिसका बसला की लेझीम खाली. आम्ही दांड्याला सुतळी गुंडाळली, तेव्हा कुठे मूठ टिकली. दुसरी अडचण माझीच होती, सवयीची. लेझीम शिकवणारा मुलांकडे तोंड करून उभा राहतो. बापू समोरच्याची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे माझा उजवा पाय पुढे आला की त्याचा डावा. ‘हा माझा उजवा, तुझा उजवा तो’ हे समजावणं म्हणजे शब्दांत अडकणं, आणि या मुलांची ऐकलेलं लक्षात ठेवण्याची ताकद पाहिलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा कमी असते. म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून शिकवायला लागले. मुलं माझी पावलं बघायची आणि मला त्यांची दिसायची नाहीत. मग शाळेतल्या सेविका मावशी माझ्या समोर उभ्या राहून कोण चुकतंय ते मोठ्याने सांगायच्या. आमची तालीम अशी दोन बायकांच्या डोळ्यांवर चालायची.

तोंडी आकडे बापूला पकडता येत नव्हते. ढोलवाल्याची टिपरी मात्र दिसायची. त्याला ढोलाच्या इतक्या जवळ उभं केलं, की आवाज कानाआधी छातीत जावा. तिथून ‘चार आवाज’ हा लेझमीचा प्रकार आला. ‘आठ आवाज’ यायला पुढचं वर्ष लागलं. बैठक लेझीम हा अजूनही वादाचा विषय आहे. ढिल्या गुडघ्यांनी खाली बसणं सोपं असतं, ठोक्यावर वर उठणं फार कठीण.

२०१४ च्या उन्हाळ्यात ‘यलो’ हा मराठी चित्रपट आला. त्याआधी मराठी पडद्यावर बुद्धीने मागे राहिलेला माणूस म्हटला की आमच्या पिढीला १९९१ चा ‘चौकट राजा’ आठवायचा. दिलीप प्रभावळकरांनी तो नंदू असा उभा केला की अजूनही गळा दाटतो. पण ते प्रभावळकर होते, चित्रीकरण संपल्यावर नंदू उतरवून घरी जाणारे. ‘यलो’मध्ये गौरी गाडगीळ ही पुण्याची मुलगी स्वतःचीच भूमिका करत होती. तिला डाऊन सिंड्रोम आहे, आणि ती खरोखरची जलतरणपटू आहे. २००७ मध्ये शांघायला झालेल्या स्पेशल ऑलिम्पिकच्या जागतिक स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं होतं. महेश लिमये यांचं दिग्दर्शन, मृणाल कुलकर्णी आई, उपेंद्र लिमये प्रशिक्षक. ६१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि गौरी व तिच्या लहानपणीची भूमिका करणारी संजना राय या दोघींचा खास उल्लेख झाला.

लोक हा चित्रपट पाहून रडत बाहेर आले. मी पाहत होते ती कॅमेऱ्यासमोरची गौरी. अभिनय म्हणजे काय हे एकदा बाजूला ठेवू. ठरलेल्या जागी उभं राहायचं, ठरलेल्या वेळी वळायचं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि पुन्हा म्हणताना कंटाळायचं नाही, हे आमच्या मुलांना जमतं की नाही अशी शंका मलासुद्धा होती. तिच्याकडून कोणीतरी ते करून घेतलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं पोहण्याच्या तलावात कोणीतरी तिच्याकडून हात नीट मारून घेतले होते. चांगलं झालं नाही तर पुन्हा, हे तिला कोणीतरी सांगत आलं असणार. मला त्या ‘पुन्हा’चा हेवा वाटला.

पुढे २०२५ मध्ये ‘सितारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटात आमिर खानबरोबर दहा खेळाडूंच्या भूमिका बौद्धिक वेगळेपण असलेल्या कलाकारांनीच केल्या. त्यातला गोपीकृष्णन वर्मा हा केरळचा कलाकार डाऊन सिंड्रोम असलेला. त्याआधी त्याने मल्याळम चित्रपटात मुख्य भूमिकाही केली होती. म्हणजे रस्ता आहे. पण तो पुण्या-मुंबईतून जातो, आणि तिथे पोहोचायला घरातलं कोणीतरी पूर्ण वेळ मोकळं असावं लागतं.

‘यलो’ टीव्हीवर लागला तेव्हा पालक विचारायला लागले, "मॅडम, आमचा बी पोहीन का?" तापी जवळ, हतनूर धरण जवळ, विहिरी आणि पाटचाऱ्या तर पावलोपावली. गावातली पोरं तिथेच पोहायला शिकतात. पण पट्टीचा प्रशिक्षक आणि उथळ, स्वच्छ तलाव नसताना ढिल्या मानेच्या मुलाला मी विहिरीत उतरवणार नव्हते. म्हणून आम्ही जमिनीवरचे खेळ धरले.

दरवर्षी ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास जिल्ह्यातल्या विशेष शाळांच्या क्रीडा स्पर्धा होतात. आमच्या गटाला धावणं, जागेवरून लांब उडी, सॉफ्टबॉल फेक, आणि ज्यांना यातलं काही झेपत नाही त्यांच्यासाठी बादलीत चेंडू टाकणं. मुलं नवे बूट घालून येतात. दिवसाअखेर बहुतेकांच्या गळ्यात काही ना काही असतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण कोणाशी कोण धावतंय याचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. एकाच रांगेत सौम्य अपंगत्व असलेला चपळ मुलगा आणि शेजारी बापू. शिट्टी वाजली की निकाल ठरलेला.

स्पेशल ऑलिम्पिकची पद्धत मला म्हणूनच पटते. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी ही चळवळ उभी केली आणि पहिली स्पर्धा १९६८ मध्ये शिकागोला झाली. तिथे आधी प्राथमिक फेरीत प्रत्येकाची वेळ मोजतात. मग वय, मुलगा-मुलगी आणि ती वेळ बघून जवळपास सारख्या ताकदीच्या खेळाडूंचे छोटे गट करतात. एका गटात जास्तीत जास्त आठ. पहिल्या तिघांना पदक, पुढच्यांना फीत. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावून सोप्या गटात घुसायला जागा मिळू नये म्हणूनही नियम आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारताचे १९८ खेळाडू गेले आणि २०२ पदकं घेऊन आले. पेपरात ते वाचून एका शिक्षकमित्राने विचारलं, "मग ही पदकं खरी कशी?" मी त्याला म्हटलं, कुस्तीत वजनाचे गट असतात तेव्हा तू असं विचारत नाहीस. गटातला आठवा आठवाच येतो. हरतो. सारख्यांमध्ये हरतो म्हणून त्याला ते कळतं.

पॅरालिम्पिकचं दार या मुलांना जवळजवळ बंद आहे. तिथे बौद्धिक अक्षमतेचा एकच गट असतो आणि त्यात शरीराने धडधाकट असलेले खेळाडू असतात. त्यांच्यापुढे सैल स्नायूंचा, आखूड हातापायांचा खेळाडू टिकत नाही. म्हणून डाऊन सिंड्रोम असलेल्यांनी आपली निराळी ‘ट्रायसम गेम्स’ सुरू केली, २०१६ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला. आमच्या बापूला यातलं काही माहीत नाही. त्याला पन्नास मीटर माहीत आहेत.

त्या पन्नास मीटरचं काय झालं ते सांगते. बापू बऱ्यापैकी पळायचा, पण रेघ जवळ आली की थांबून मागे बघायचा. मागून त्याचा दोस्त येत असायचा. तो आला की दोघं हात धरून रेघ ओलांडायचे. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. असाच प्रसंग सांगणारी एक गोष्ट मोबाईलवर फिरत असते, ‘खरी माणुसकी यांच्याकडून शिका’ वगैरे. मला विचाराल तर बापू थांबायचा कारण शर्यत कुठे संपते हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. दोस्ताबद्दल प्रेम होतं, आहे. पण शर्यतीबाहेर तो त्याच दोस्ताच्या डब्यातली शेवभाजी पळवायचा. मी रेघेच्या पलीकडे दहा पावलांवर एक खुर्ची ठेवली. खुर्चीला हात लागला की धावणं संपलं. मग खुर्चीच्या जागी झेंडी, मग नुसती मी. पुढच्या स्पर्धेत तो न थांबता धावला आणि चौथा आला.

चौथ्याला काही मिळत नाही हे त्याला मंचासमोर उभं राहिल्यावर समजलं. तो रडला नाही. गळ्यात काही पडतं का याची वाट बघत उभा राहिला, आणि मग मला येऊन म्हणाला, "माहं राहून गेलं." मी म्हटलं, "राहिलं नाही. तिघं तुझ्या पुढे होते." वडिलांना माझं बोलणं लागलं. "ताई, हरायचंच होतं त आणलं काहून एवढ्या लांब?" त्या माणसाचा राग मला समजतो. पोरगा जन्मला त्या दिवसापासून त्यांनी हेच ऐकलं होतं, की हा सगळ्यात मागे. निदान एका दिवशी तरी कोणी तसं म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. बापू आठवडाभर मैदानावर फिरकला नाही. नंतर एका सकाळी आला आणि रेघेवर उभा राहून विचारलं, "ते तीन कुठी हायेत?"

प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमाचा प्रसंग तर मला शाळेतही महाग पडला. आमच्याकडे कार्यक्रमात बक्षिसं देण्याची पद्धत आहे. नाच रंगात आला की कोणीतरी उठून नोट देतो आणि माईकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. आमचं लेझीम पथक चार आवाज संपवून आठ आवाजात शिरत होतं, तेवढ्यात एका पाहुण्यांनी पुढे येऊन बापूच्या हातात पाचशेची नोट ठेवली. निवेदक म्हणाला, "देवाच्या या लेकरासाठी जोरदार टाळ्या!" बापूने एका हातात नोट धरली, दुसऱ्या हाताने सलाम ठोकला, आणि त्याची लेझीम पायाशी पडली. मागची मुलं अडखळली. पथक विस्कटलं. टाळ्या मात्र वाढतच गेल्या.

त्यानंतर मी नियम केला. पथक खेळत असताना कोणी नोट द्यायची नाही. द्यायची तर संपल्यावर, सगळ्या पथकाला, आणि एकट्या बापूला मुळीच नाही. यावरून मला बरंच ऐकावं लागलं. गावातल्या मानाच्या माणसाचा हात मागे सारायचा म्हणजे काय? एकाने सरळ विचारलं, त्याचं कौतुक तुम्हाला बघवत नाही का? आता याला काय उत्तर देणार! नोट त्याच्या लेझमीला मिळाली असती तर मीच माईकवर नाव पुकारलं असतं. ती त्याच्या चेहऱ्याला मिळाली होती. त्याने नुसतं उभं राहून नाक खाजवलं असतं तरी मिळाली असती. आणि बापूला हे समजत नाही असं कोणी समजू नये. त्या कार्यक्रमानंतर पुढचे कित्येक दिवस तो तालमीत मध्येच थांबून सलाम ठोकायचा आणि आजूबाजूला बघायचा. कष्टाने आलेले आठ आवाज आम्हाला पुन्हा पहिल्यापासून बसवावे लागले.

वय वाढलं तशी बापूची शाळा संपली. हे वळण सगळ्यांत अवघड. अठरा पूर्ण झाली की कागदपत्रांचा एक नवा डोंगर येतो. दिव्यांग ओळखपत्राचं नूतनीकरण, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज. मूल सज्ञान झाल्यावर आईबापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं. कागद निभावतात कसेतरी. दिवस निभावत नाही. पाश्चात्त्य देशांत १९८० च्या दशकात डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं, आता ते साठीला पोहोचलं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि औषधं यांनी एवढं केलं. आपल्याकडेही ही मुलं आता मोठी होतात, केस पिकेपर्यंत जगतात. आमचं शिक्षण मात्र अजून अठराव्या वर्षाला हात झटकतं. पुढची चाळीस वर्षं हा माणूस ओट्यावर बसून काय करणार? वरातीची वाट बघणार.

बापू ओट्यावर बसायला लागला, जाड झाला, थायरॉईडची गोळी वाढली. त्याची आई मला बाजारात भेटली तेव्हा तिच्या पिशवीत भरताची वांगी होती आणि चेहऱ्यावर तक्रार. "ताई, तुमच्याकडं होता तं पळायचा तरी." शाळेत त्याला परत घेणं नियमात बसत नव्हतं. मी गणपती मंडळाच्या पथकातल्या पोरांकडे गेले. त्यांनी लगेच होकार दिला, पण त्यांच्या डोक्यात वरातीतला बापू होता. पुढे उभा करू, भगवा फेटा बांधू, व्हिडिओ झकास येईल. मी म्हटलं, मागच्या रांगेत घ्या. तालमीला रोज यायला सांगा. नाही आला तर इतरांना करता तोच दंड करा.

त्या पथकाचा ढोलवाला गॅरेजमध्ये काम करतो. बोलतो कमी. पहिल्या आठवड्यात बापूने बैठकीत सलाम ठोकला तेव्हा पोरं हसली आणि हा ढोल वाजवायचा थांबला. टिपरीने बापूच्या गुडघ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा उशिरा उठू राह्यला. पुन्हा." सगळ्या पथकाला पुन्हा पहिल्यापासून. चाळीस पोरं बापूवर करवादली, तशीच जशी आदल्या दिवशी दुसऱ्या कोणावर करवादली होती. मी कडेला उभी होते. बापूची आई माझ्या शेजारी होती, आणि तिला ते आवडलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "घरी कोणी असं बोलत नाही त्याले." मी म्हटलं, "म्हणूनच तर घरी लेझीम येत नाही."

आता मे महिना आहे. भुसावळकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, तालीम सकाळी सहाला असते आणि आठच्या आत संपते. बापू साडेपाचलाच येऊन बसतो, त्याला घड्याळ नीट कळत नाही पण फॅक्टरीच्या पाळीला निघालेल्या वडिलांची सायकल कळते. वजन थोडं उतरलं आहे. यंदा त्याला तिसऱ्या रांगेतून दुसऱ्या रांगेत घेतलं. मंडळाच्या अध्यक्षांनी पुन्हा एकदा भगव्या फेट्याचा विषय काढला, तेव्हा ढोलवाल्याने विचारलं, पहिल्या रांगेतला कोण मागे जाईल ते सांगा. कोणी तयार झालं नाही. बैठकीतून उठताना बापू अजूनही अर्धा ठोका मागे राहतो. त्याच्यासाठी मी गुडघ्यांचा एक व्यायाम लिहून दिला आहे, भिंतीला पाठ लावून खाली सरकायचं आणि पाच मोजून वर यायचं. पाच मोजताना तो चार गाळतो.